म्यूनिकची प्रयोगशाळा आणि स्मृतिभ्रंशविद्येचे पहिले शिष्य

अल्झायमर हे नाव आज वैद्यकाच्या क्षेत्राबाहेरही सर्वतोमुखी झाले आहे. एखाद्या रोगाला एखाद्या व्यक्तीचे नाव मिळाले म्हणजे त्या व्यक्तीची एक ठरावीक प्रतिमा तयार होते : रात्री उशिरापर्यंत सूक्ष्मदर्शकावर वाकलेला, एकट्याच्या बळावर शोध लावणारा संशोधक. आलोइस अल्झायमर (१८६४-१९१५) ह्याच्या बाबतीत ही प्रतिमा अर्धीच खरी आहे. ज्या रोगाला त्याचे नाव लाभले त्या रोगाविषयी त्याने स्वतः लिहिलेले फारच थोडे आहे. १९०७ मधील जेमतेम दोन-तीन पानांचे टिपण आणि १९११ मधील एक दीर्घ निबंध, एवढीच त्याची मुख्य सामग्री. बाकीचे बरेचसे काम त्याच्या प्रयोगशाळेत येऊन शिकलेल्या तरुणांनी केले. स्मृतिभ्रंशविद्येचा आरंभ हा एका शोधाचा इतिहास म्हणून न वाचता एका शिक्षणपद्धतीचा इतिहास म्हणून वाचला, तर तिच्यातील यश आणि अपयश ही दोन्ही अधिक स्पष्ट होतात. अपयश म्हणण्याचे कारण असे की, ह्या पद्धतीने शिष्यांना एक विद्या पूर्णांशाने दिली. दुसरी, तितकीच आवश्यक विद्या बहुतांशी गुरूपाशीच राहून गेली.

पद्धतीचे मूळ म्यूनिकमध्येच, पण वीस वर्षे मागे सापडते. फ्रान्झ निस्ल हा तेथे वैद्यकाचा विद्यार्थी असताना विद्याशाखेने मेंदूच्या बाह्यकातील पेशींच्या विकृतीवर पारितोषिक-निबंध मागविला होता. निस्लने मद्यार्कात मुरविलेल्या मेंदूच्या पातळ कापांवर ॲनिलीन रंगांचे प्रयोग केले, आणि मज्जापेशींच्या अंतर्भागातील कण स्वच्छ दिसू लागले. पारितोषिक त्याला मिळाले आणि बेर्नहार्ड फोन गुडेन ह्या ख्यातनाम मनोविकारतज्ज्ञाने त्याला आपला सहायक म्हणून घेतले. (हाच गुडेन १८८६ च्या जूनमध्ये, वेडा ठरविण्यात आलेल्या राजा लुडविगबरोबर सरोवरात बुडून मरण पावला.) १८८९ मध्ये निस्ल फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयात आला, तेव्हा अल्झायमर काही महिन्यांपूर्वीच तेथे रुजू झाला होता. वयाने चारच वर्षे वडील असलेल्या ह्या सहकाऱ्याकडून अल्झायमरने रंजनाची कला घेतली. दिवसा रुग्णांमध्ये वावरावे आणि सायंकाळी, दिवंगत झालेल्या रुग्णांच्या मेंदूचे काप तपासावेत, असा दोघांचा क्रम असे. इस्पितळाचा प्रमुख एमिल झिओली ह्याने त्यांना मोकळीक दिली. विद्यापीठ नसलेल्या एका गावच्या इस्पितळात (फ्रांकफुर्टचे विद्यापीठ १९१४ मधले) हे घडले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १८९५ मध्ये निस्ल हायडेलबेर्गला एमिल क्रेपेलिनकडे गेला. अल्झायमर पुढे त्याच वाटेने क्रेपेलिनला मिळाला आणि १९०३ मध्ये त्याच्याबरोबर म्यूनिकला आला.

फ्रांकफुर्ट सोडण्यापूर्वी त्याच्या हातून एक काम घडले होते, आणि त्याच्या शिक्षणपद्धतीचा विचार करताना ते मध्यवर्ती मानले पाहिजे. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी एक्कावन्न वर्षे वयाची एक स्त्री इस्पितळात दाखल झाली. वैद्यकीय वाङ्मयात ती आउगुस्टे डी. ह्या नावाने ओळखली जाते. अल्झायमरने तिच्याशी झालेले संभाषण प्रश्नोत्तरांच्या रूपात उतरवून ठेवले. नाव विचारले असता तिने आपले नाव बरोबर सांगितले. नवऱ्याचे नाव विचारले तरीही स्वतःचेच नाव सांगितले. जेवताना पुढ्यात काय आहे असे विचारले तेव्हा समोर फुलकोबी आणि मांस असताना तिने पालकाचे नाव घेतले. लिहावयास सांगितले असता पहिल्या शब्दानंतर पुढे काय लिहावयाचे ते ती विसरून जाई. १९०७ च्या टिपणात अल्झायमरने तिच्या भाषेविषयी एक बारकावा नोंदविला आहे : नेमका शब्द सापडेना म्हणजे ती वळसा घालून बोले, पेल्याला ती दूध ओतावयाचे भांडे अशा अर्थाच्या शब्दाने संबोधी. भाषेच्या अभ्यासकाला ही नोंद विशेष मोलाची वाटेल. शब्द हरवतो, पण वस्तूच्या उपयोगाची जाणीव टिकते आणि शब्दसिद्धीचे नियमही टिकतात. म्हणूनच तर ती नवा सामासिक शब्द बनवू शकते. ह्या मूळ नोंदींची फाइल फ्रांकफुर्टमध्ये १९९५ च्या डिसेंबरात पुन्हा हाती लागली. तोवर जगाला त्या स्त्रीच्या मेंदूची माहिती होती, तिच्या बोलण्याची जवळजवळ नव्हती.

८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली. अल्झायमर तेव्हा म्यूनिकला होता. त्याने झिओलीकडून तिचा मेंदू आणि कागदपत्रे मागवून घेतली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्यूबिंगेन येथे नैर्ऋत्य जर्मनीतील मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत त्याने हे प्रकरण मांडले. व्याख्यानानंतर चर्चा झाली नाही. कोणी प्रश्नही विचारला नाही. विद्वत्सभांच्या इतिहासात अशी मौने बरीच सापडतात.

म्यूनिकच्या चिकित्सालयाची नवी इमारत १९०४ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. क्रेपेलिन प्रमुख होता आणि शारीर-संशोधनाची प्रयोगशाळा त्याने अल्झायमरच्या स्वाधीन केली. पहिली काही वर्षे अल्झायमरला ह्या कामाचे वेतन नव्हते. त्याची पत्नी सेसिली ही सधन घराण्यातील होती. १९०१ मध्ये ती वारली, पण तिच्यामुळे आलेल्या स्वास्थ्यावर त्याचा संसार आणि संशोधन चालले. ही बाब गौण समजून सोडून देण्यासारखी नाही. विनावेतन शिकविणारा गुरू आणि बहुधा स्वखर्चाने येणारे शिष्य, असा ह्या प्रयोगशाळेचा आर्थिक पाया होता. ज्याला घरचा आधार किंवा मायदेशातील संस्थेची रजा मिळे, तोच तेथे बसू शके. प्रतिभेची निवड होण्याआधीच परिस्थितीने एक निवड करून ठेवलेली असे.

शिकविण्याची रीत मात्र उदार होती. मेजांवर ओळीने सूक्ष्मदर्शक मांडलेले असत; प्रत्येक जण आपल्या काचपट्ट्यांवर काम करी, आणि अल्झायमर एकेकाच्या शेजारी येऊन बसे. तो स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाही, शिष्याला दाखवी, पुन्हा पाही. त्या वेळी हातातील सिगार तो मेजावर ठेवी आणि तिथेच विसरून पुढच्याकडे जाई. संध्याकाळी प्रत्येक मेजावर एक-एक सिगारचे थोटूक उरलेले असे, ही आठवण त्याच्या शिष्यपरिवारात पुष्कळ वर्षे सांगितली गेली. तिच्यातील विनोदाचा भाग सोडला तरी महत्त्वाची गोष्ट उरते. गुरू दिवसभरात प्रत्येक शिष्याजवळ जात असे आणि सिगार विझेपर्यंत बसत असे. आपल्याकडील गायनाच्या घराण्यांत पुस्तकावरून गाणे येत नाही, समोर बसून तालीम घ्यावी लागते. रंजित केलेल्या कापांतील विकृती ओळखण्याचे शिक्षणही त्याच जातीचे आहे. पेशीचा कोणता फरक रोगाचा, कोणता मृत्यूनंतर झालेल्या विलंबाचा आणि कोणता रंगाच्या सदोषपणाचा, हे शब्दांत सांगता येत नाही, दाखवावे लागते.

दुसरे साधन रेखाटनाचे. कॅमेरा ल्युसिडा ह्या उपकरणाने सूक्ष्मदर्शकातील प्रतिमा कागदावर पडल्यासारखी दिसते आणि ती हाताने गिरवून घेता येते. छायाचित्र एका वेळी एकाच पातळीवरचे दाखविते. चित्रकार मात्र भिंग वर-खाली करीत कापाची सगळी जाडी एका चित्रात आणू शकतो. त्यासाठी काय काढावयाचे आणि काय गाळावयाचे ह्याचा निर्णय प्रत्येक रेषेला करावा लागतो. हा निर्णय करावयास शिकविणे म्हणजेच त्या प्रयोगशाळेतील शिक्षण होते, असे म्हटले तरी चालेल. माक्स बील्शॉव्स्कीच्या रजत-रंजनामुळे पेशींतील सूक्ष्म तंतू काळे होऊन उठून दिसत, आउगुस्टे डी.च्या मेंदूतील तंतूंचे गुंते ह्याच रंजनाने उघडकीस आले. निस्लचे रंजन आणि बील्शॉव्स्कीचे रंजन ही दोन्ही हाताळता येणे, ही तेथील शिष्याची पहिली पात्रता होती.

ह्या प्रयोगशाळेचे एक समूहचित्र उपलब्ध आहे आणि ते अनेक ग्रंथांतून छापले गेले आहे. त्यात अल्झायमरभोवती इटलीचे उगो चेरलेत्ती, फ्रान्चेस्को बोन्फिल्यो आणि गाएतानो पेरुसिनी, स्पेनचा निकोलास आचूकारो, बर्लिनचा फ्रीडरिश लेवी आणि आणखी काही जण दिसतात. चित्राखालच्या नामावलीत दोन-एक ठिकाणी ‘अज्ञात’ असे लिहिलेले असते. हे अज्ञात चेहरे कोणाचे, ह्याविषयी तर्क करण्यात अर्थ नाही. परंतु इतक्या प्रसिद्ध मंडळींच्या शेजारी बसलेल्या शिष्यांची नावे पन्नास वर्षांत पुसली जावीत, ही गोष्ट पुढे जे सांगावयाचे आहे त्याच्याशी सुसंगत आहे.

पाहुणे बहुभाषी होते. त्यांना विद्वत्तेची जर्मन वाचता येत होती आणि कित्येकांना लिहिताही येत होती. परंतु गोंधळलेल्या बव्हेरियन वृद्धेने योजलेला शब्द किंचित् चुकला आहे, की तो तिच्या बोलीतलाच आहे, हे ओळखण्यास लागणारी जर्मन वेगळी. ती ग्रंथांतून येत नाही. काचपट्टीला बोली नसते. इटालियन, स्पॅनिश, अमेरिकन ह्या सर्वांना ती सारखीच वाचता येते. म्हणूनच म्यूनिकची विद्या इतक्या वेगाने देशोदेशी पसरली. पण त्याच कारणाने तिचे एक अंग मागे राहिले. अल्झायमर रुग्णाच्या खाटेजवळ बसून जे करी, म्हणजे ठरावीक प्रश्न पुनःपुन्हा विचारणे, उत्तरे जशीच्या तशी उतरविणे, चुकलेल्या शब्दांची जात पाहणे, त्याला पद्धतीचे रूप देऊन कोणी शिष्यांना शिकविले नाही. रंजनाच्या कृती छापल्या गेल्या. संभाषणाची कृती कोणी लिहिली नाही. ती फाइलीत पडून राहिली.

पेरुसिनीचे उदाहरण ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १८७९ मध्ये ऊदिने येथे जन्मलेला हा तरुण म्यूनिकला आला तेव्हा अल्झायमरने त्याच्याकडे एक मोठे काम सोपविले. उतारवयातील विलक्षण मानसिक विकारांची चार प्रकरणे त्याने चिकित्सेच्या आणि ऊतिविज्ञानाच्या अंगाने तपासावयाची होती, आणि त्यांपैकी पहिले प्रकरण होते आउगुस्टे डी.चे. निस्ल आणि अल्झायमर ह्यांनी चालविलेल्या ग्रंथमालेत १९०९ मध्ये त्याचा पन्नासाहून अधिक पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. गुरूचे टिपण एखाद्या निरोपासारखे त्रोटक. शिष्याच्या निबंधात त्याच मेंदूचे सविस्तर वर्णन, तुलना आणि आकृत्या. स्मृतिभ्रंशाच्या ह्या प्रकाराचे खरेखुरे शास्त्रीय वर्णन कोणते, असा प्रश्न विचारला तर उत्तर पेरुसिनीच्या निबंधाकडेच बोट दाखविते. तरीही आउगुस्टे डी.ला पेरुसिनीने जिवंत पाहिले असण्याचा प्रश्नच येत नाही. तिच्या बोलण्याविषयीचा त्याचा सगळा आधार दुसऱ्याने लिहिलेल्या नोंदींचा होता.

१९१० मध्ये क्रेपेलिनने आपल्या मनोविकारशास्त्राच्या पाठ्यग्रंथाच्या आठव्या आवृत्तीत ‘अल्झायमरचा रोग’ हे नाव घातले आणि त्याचबरोबर ह्या रोगाचे चिकित्सेतील स्थान अद्याप अस्पष्ट आहे असेही लिहिले. नामकरणाची एवढी घाई का केली असावी, ह्याची कारणे इतिहासकारांनी निरनिराळी दिली आहेत. कोणी म्यूनिक आणि प्राग ह्यांमधील चढाओढीचे नाव घेतात. कोणी म्हणतात की, मनोविकारांचे मूळ मेंदूच्या विकृतीत असते हे दाखविण्याची क्रेपेलिनला निकड होती. नवलाची गोष्ट अशी की, ज्याच्या नावाने रोग ओळखला जाऊ लागला तो स्वतःच साशंक होता. १९११ च्या निबंधात अल्झायमरने दुसरे एक प्रकरण वर्णिले. त्या रुग्णाच्या मेंदूत चकत्या विपुल होत्या, परंतु तंतूंचे गुंते आढळले नाहीत. ही प्रकरणे म्हणजे एखादा स्वतंत्र रोग मानण्यास पुरेसा आधार नाही, ती वार्धक्यातील बुद्धिभ्रंशाचीच अनियमित रूपे असावीत, आणि चकत्या ह्या त्याचे कारण नसून सहचारी लक्षण असाव्यात, असे त्याचे म्हणणे पडले. शिष्यांना त्याने जी शिस्त शिकविली होती तिला हे धरूनच होते. पाठ्यग्रंथाने मात्र शंका बाजूस ठेवून नाव तेवढे उचलले आणि पेरुसिनी नावातून गळाला. इटलीत काही जण त्या रोगाला अल्झायमर-पेरुसिनीचा रोग म्हणत राहिले. पेरुसिनी स्वदेशी परतला, मिलानजवळच्या मोंबेल्लो येथील मनोरुग्णालयात काम करू लागला, आणि १९१५ च्या डिसेंबरात महायुद्धाच्या आघाडीवर वैद्य म्हणून सेवा करीत असताना मारला गेला. वय छत्तीस. त्याच महिन्यात ब्रेस्लाऊ येथे अल्झायमरही वारला.

प्रागची हकीकत अधिक कठोर आहे. तेथील जर्मन विद्यापीठात आर्नोल्ट पिक हा प्राध्यापक होता. पिकला भाषेचे अंग चांगलेच अवगत होते. वाणीदोषातील व्याकरणलोपावरील त्याचा १९१३ चा ग्रंथ भाषाशास्त्राशी जवळचे नाते सांगणारा आहे. म्यूनिकमध्ये जे कान मागे पडले ते प्रागमध्ये जागे होते, असे म्हणावयास हरकत नाही. पिकच्या विभागात १९०२ पासून ऑस्कर फिशर काम करीत होता. १९०७ मध्ये, म्हणजे अल्झायमरचे टिपण छापले गेले त्याच वर्षी, फिशरने वार्धक्यातील बुद्धिभ्रंशाच्या सोळा रुग्णांच्या मेंदूंचे परीक्षण प्रसिद्ध केले. त्यांपैकी बारांत त्याला विशिष्ट प्रकारच्या चकत्या आढळल्या. इतर मनोविकारांनी आणि उपदंशाने पीडित झालेल्यांचे, तसेच निरोगी माणसांचे मेंदू त्याने तुलनेसाठी तपासले होते आणि त्यांत ह्या चकत्या नव्हत्या. एका रुग्णावर विसंबणारे म्यूनिकचे टिपण आणि तुलनेची शिस्त पाळणारे प्रागचे परीक्षण, ही दोन्ही शेजारी ठेवली तर पुराव्याचे पारडे कोणत्या बाजूस झुकते हे सांगण्याची गरज नाही.

फिशरला विद्यापीठात शिकविण्याचा अधिकार मिळाला, पण कायमची जागा मिळाली नाही. जर्मन विद्यापीठांत असा अधिकार मिळालेल्या, पण वेतन नसलेल्या अध्यापकांचा एक मोठा वर्ग असे. त्यातून प्राध्यापकपदापर्यंत पोचणे हे गुणवत्तेइतकेच आश्रय, धर्म आणि योगायोग ह्यांवर अवलंबून राही. फिशर यहुदी होता. १९१९ मध्ये विद्यापीठाशी असलेला त्याचा संबंध संपला, आणि प्रागजवळच्या वेलेस्लावीन येथील खाजगी आरोग्यधामात व स्वतःच्या व्यवसायात त्याचे आयुष्य गेले. १९४१ मध्ये नात्सी पोलिसांनी त्याला अटक केली आणि १९४२ च्या फेब्रुवारीत टेरेझिन येथील छोट्या किल्ल्यातील तुरुंगात तो मरण पावला. त्याच्या कार्याचा साक्षेपी आढावा इंग्रजीत यावयास २००९ साल उजाडले. ज्याला शिष्य लाभले नाहीत त्याचे लेखन वाचणारे कोणी उरत नाही. फिशरजवळ विद्या होती, मेज नव्हते.

म्यूनिकहून परतलेल्यांपैकी दोघांना मेज मिळाले, असे म्हणता येईल. निकोलास आचूकारो ह्याला अल्झायमरच्या शिफारशीवरून वॉशिंग्टनच्या सरकारी मनोरुग्णालयात प्रयोगशाळा उभारण्याचे काम मिळाले; नंतर तो माद्रिदला परतला आणि त्याने तेथील तरुणांना म्यूनिकच्या व काहालच्या अशा दोन्ही परंपरा एकत्र शिकविल्या. १९१८ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो गेला. परंतु त्याच्या हाताखाली तयार झालेल्या पीओ देल रीओ ओर्तेगा ह्याने पुढच्याच वर्षी, रजत-रंजनाच्या स्वतःच्या कृतीने मेंदूतील सूक्ष्मश्लेषपेशींचे वेगळेपण सिद्ध केले. आज स्मृतिभ्रंशाच्या संशोधनात ह्या पेशींना जे महत्त्व आले आहे ते पाहता, फ्रांकफुर्टच्या सायंकाळपासून निघालेला हा धागा किती लांबवर पोचला ह्याची कल्पना येते.

दुसरा सॉलोमन कार्टर फुलर. १८७२ मध्ये लायबेरियात जन्मलेला आणि अमेरिकेतील गुलामांच्या वंशातील हा कृष्णवर्णीय तरुण बॉस्टन विद्यापीठात वैद्यक शिकला आणि वेस्टबरोच्या सरकारी इस्पितळात विकृतिविज्ञ झाला. १९०४-०५ मध्ये तो अल्झायमरपाशी शिकावयास आला. १९०७ मध्ये त्याने बुद्धिभ्रंशाच्या विविध प्रकारांतील तंतूंच्या विकृतीवर निबंध लिहिला, आणि १९१२ मध्ये स्वतःच्या एका रुग्णाच्या वर्णनासह तोवर प्रसिद्ध झालेल्या सर्व प्रकरणांचा आढावा घेतला. इंग्रजी वाचकांना हा रोग प्रथम व्यवस्थितपणे कळला तो ह्या आढाव्यातून. बॉस्टन विद्यापीठात त्याने तीस वर्षांहून अधिक काळ शिकविले. मज्जाविकार विभागाचे प्रमुखपद त्याने काही वर्षे प्रत्यक्षात सांभाळले, पण पदनाम त्याला कधी मिळाले नाही. १९३३ मध्ये त्याच्याहून कनिष्ठ अशा एका गोऱ्या सहकाऱ्याला प्राध्यापक व प्रमुख करण्यात आले, तेव्हा त्याने निवृत्ती पत्करली. टस्कीगी येथे कृष्णवर्णीय माजी सैनिकांसाठी १९२३ मध्ये इस्पितळ निघाले. तेथे मनोविकारांचे काम पाहू शकतील असे कृष्णवर्णीय डॉक्टर हवे होते. त्यांना फुलरने शिकवून तयार केले. स्वतःला नाकारलेली जागा त्याने दुसऱ्यांसाठी अशी घडविली, एवढे नमूद करून पुढे जावयास हवे.

१९३३ हे वर्ष जर्मनीतही दारे बंद होण्याचेच होते. फ्रीडरिश लेवी ह्याने १९१२ मध्ये कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत पेशींच्या आतील विशिष्ट गोलक वर्णिले होते. बर्लिनला त्याची मज्जाविकारसंस्था उभी राहून वर्षही होते न होते तोच, यहुदी म्हणून त्याला काढून टाकण्यात आले. तो इंग्लंडमार्गे अमेरिकेत गेला आणि १९५० मध्ये तेथेच वारला. त्याच्या नावाचे गोलक बाह्यकात पसरल्याने होणारा स्मृतिभ्रंश केंजी कोसाका ह्या जपानी संशोधकाने १९७६ पासून वर्णिला. बील्शॉव्स्कीलाही त्याच वर्षी पद सोडावे लागले.

जे उरले त्यांची कथा अधिक अस्वस्थ करणारी आहे. क्रेपेलिनच्या शिष्यांपैकी एर्न्स्ट र्‍यूडिन हा १९३३ च्या सक्तीच्या निर्बीजीकरण कायद्याच्या भाष्यकारांपैकी एक झाला. निस्लपाशी शिकलेला हूगो श्पाट्स आणि त्याचा सहकारी यूलियुस हालरफोर्डन ह्यांच्या बर्लिन-बूख येथील संस्थेने, ठार मारण्यात आलेल्या मनोरुग्णांचे मेंदू संशोधनासाठी स्वीकारले. काप घेण्याची, रंगविण्याची, पाहण्याची विद्या तीच होती आणि ती उत्तम अवगत होती. आउगुस्टे डी.चा मेंदू म्यूनिकला गेला तेव्हा त्याच्याबरोबर तिच्या संभाषणाची फाइलही गेली होती. बूखला आलेल्या मेंदूंची माणसे कोणी ऐकलीच नव्हती. त्या काळातील काचपट्ट्या आणि अवशेष १९९० मध्ये म्यूनिकच्या एका दफनभूमीत पुरण्यात आले. रंजनविद्या आणि संभाषणविद्या परस्परांपासून सुटल्या म्हणजे काय होऊ शकते, ह्याचे ह्याहून भयंकर उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच मिळेल.

ह्यानंतर ह्या दोन विद्या पद्धतशीरपणे एकत्र आल्या त्या इंग्लंडच्या ईशान्य भागात, न्यूकासल येथे. मार्टिन रॉथ हा मनोविकारतज्ज्ञ, बर्नार्ड टॉमलिन्सन हा विकृतिविज्ञ, आणि तिघांत कनिष्ठ असा गॅरी ब्लेस्ड. वृद्धांच्या हयातीत त्यांची स्मृती, अवधान आणि दैनंदिन व्यवहार ह्यांची मोजणी करावयाची, आप्तांना प्रश्न विचारावयाचे, आणि मृत्यूनंतर त्याच व्यक्तीच्या बाह्यकातील चकत्या मोजावयाच्या, अशी त्यांची योजना होती. १९६८ मध्ये त्यांनी दाखविले की, चकत्यांची सरासरी संख्या आणि हयातीतील बुद्धिभ्रंशाचा अंक ह्यांचा निकटचा संबंध आहे. ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून दिलेल्या असंख्य वृद्धांची अवस्था ही त्यामुळे रोगाच्या कक्षेत आली. निबंधावर पहिले नाव ब्लेस्डचे होते. १९०९ नंतर एकोणसाठ वर्षांनी का होईना, कनिष्ठाचे नाव आधी आले आणि टिकलेही. त्यांची प्रश्नावली आजही ब्लेस्डच्याच नावाने ओळखली जाते. अल्झायमरने खाटेजवळ बसून जे केले ते आता कागदावर छापलेल्या प्रश्नांच्या रूपाने कोणाही नवागताला शिकविता येऊ लागले.

परंतु प्रश्न छापले की ते कोणत्या तरी एका भाषेत छापावे लागतात, आणि ती भाषा बोलणाऱ्यांच्या शाळेत, पंचांगात आणि घरात ते अडकून पडतात. ही अडचण भारतात स्पष्टपणे पुढे आली. हरियाणातील बल्लभगढ परिसरात मेरी गांगुली आणि विजय चंद्रा ह्यांच्या नेतृत्वाखाली भारत-अमेरिका संयुक्त पाहणी झाली, तेव्हा तेथील बहुसंख्य वृद्धांना अक्षरओळख नव्हती. इंग्रजीतील प्रचलित चाचणीत आजची तारीख विचारलेली असे, वाक्य लिहावयास सांगितलेले असे. ज्याने आयुष्यात इंग्रजी तारखेचा व्यवहार केला नाही त्याला ती आली नाही, एवढ्यावरून त्याची स्मृती गेली असे कसे म्हणावे? १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदी चाचणीत म्हणूनच प्रश्न नव्याने रचावे लागले. केवळ भाषांतर करून भागले नसते. प्रत्येक प्रश्न नेमकी कोणती शक्ती तपासतो हे ठरवून, तीच शक्ती तपासणारा त्या गावातला प्रश्न शोधावा लागला. हे काम जितके वैद्यकाचे तितकेच भाषाशास्त्राचे आहे, ह्याची दखल आपल्या विद्यापीठांतील भाषाविभागांनी अजून पुरेशी घेतलेली नाही.

१९९८ मध्ये कोची येथे जमलेल्या संशोधकांनी जो गट स्थापिला त्याने आपल्या नावातच ही विषमता नोंदविली. स्मृतिभ्रंशाचे सहासष्ट टक्के रुग्ण विकसनशील देशांत असताना, लोकसंख्येवर आधारलेल्या संशोधनाचा दहा टक्क्यांहूनही कमी भाग तेथे होत होता. म्हणून नाव ‘१०/६६’. अनेक देशांत, अनेक भाषांत एकच पाहणी करावयाची तर स्थानिक तरुणांना घरोघरी जाऊन विचारावयास, ऐकावयास आणि उत्तरे जशीच्या तशी लिहावयास शिकविणे हेच मुख्य काम होऊन बसले. २००३ मध्ये ह्या गटाने शिक्षणाच्या अभावामुळे निदान चुकू नये अशी पद्धती मांडली.

ह्याच गटाशी संबंधित असलेले अमित डायस आणि त्यांचे सहकारी ह्यांनी गोव्यात जे केले ते २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. स्मृतिभ्रंश झालेल्यांची ८१ कुटुंबे त्यांनी निवडली, त्यांचे दोन गट पाडले, आणि एका गटातील घरी प्रशिक्षित गृहभेट-सल्लागार पाठविले. हे सल्लागार डॉक्टर नव्हते. त्यांची निवड करताना स्थानिक भाषा येणे ही एक आवश्यक अट होती. रुग्णाचे वागणे घरच्यांना समजावून देणे, सांभाळणाऱ्या सुनेचे किंवा पत्नीचे गाऱ्हाणे शांतपणे ऐकून घेणे, औषधाची गरज भासली तर डॉक्टरांपर्यंत पोचविणे, एवढेच त्यांचे काम. सहा महिन्यांनी मोजले तेव्हा ज्यांच्या घरी सल्लागार जात होते त्या सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण उतरलेला आढळला.